झेडपी शाळेत गरीब पोरांसाठी पैसा किती येतो, जातो कुठं? पालकांनी समजून घ्यायचा सगळा हिशोब

शाळेच्या भिंतीला नवा रंग लागला की साऱ्या गावाला दिसतो. पण लांबच्या वस्तीवरून चालत येणाऱ्या पोरीचा प्रवास भत्ता आला का नाही, हे कोणालाच दिसत नाही. ऊसतोडीला आई-बाप गेले आणि पोर आजीजवळ राहिलं, तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय सरकारी योजनेत आहे, हेही कित्येक घरांना माहीत नसतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेला सरकारकडून जो पैसा येतो, त्यात गरीब, मागास, दिव्यांग आणि स्थलांतरित कुटुंबांच्या पोरांसाठी वेगवेगळ्या वाटा आहेत. त्यातला थोडा पैसा शाळेच्या खात्यावर येतो, थोडा पोराच्या खात्यावर, आणि काही मदत वस्तूच्या रूपानं येते. कोणता पैसा कोणत्या वाटेनं येतो हे कळलं, तरच तो नेमका कुठं अडला हे विचारता येतं.

पैसा येतो कुठून?

मोठा भाग येतो 'समग्र शिक्षा' या योजनेतून. २०१८-१९ मध्ये जुनं सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून ही एक योजना झाली. महाराष्ट्रात यातला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. मुंबईची महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद ही योजना राबवते. तिथून पैसा जिल्हा परिषद, मग पंचायत समिती आणि शेवटी शाळा अशा साखळीनं पुढं सरकतो.

दुसरा भाग दुपारच्या जेवणाचा. शालेय पोषण आहार योजनेचं नाव २०२१ पासून 'पीएम पोषण' आहे. तिसरा भाग शिष्यवृत्त्यांचा. त्या समाजकल्याण, आदिवासी विकास, बहुजन कल्याण आणि शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांकडून येतात. चौथा भाग आपल्याच ग्रामपंचायतीचा. त्याच्याकडं सहसा कोणी बघत नाही. त्याचं खाली सांगितलंय.

शाळेच्या खात्यावर येणारा पैसा

शाळेला दरवर्षी 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं. ते पटावर ठरतं. समग्र शिक्षाचा निकष असा आहे:

पट १ ते ३० असेल तर १०,००० रुपये
३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये
१०१ ते २५० असेल तर ५०,००० रुपये
२५१ ते १००० असेल तर ७५,००० रुपये
हजाराच्या वर असेल तर १ लाख रुपये

हा कमाल निकष आहे. एखाद्या वर्षी रक्कम हप्त्यानं येते, कधी कमीही येते. म्हणून त्या वर्षीचं मंजुरीचं पत्र बघणं महत्त्वाचं.

या पैशातून वीजबिल, पिण्याचं पाणी, शौचालयाची सफाई, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, शिकवायचं साहित्य, बंद पडलेल्या वस्तू बदलणं असा खर्च करता येतो. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर घालवावी लागते. खेळाच्या साहित्यासाठी वेगळी रक्कम असते. प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपये हा तिचा निकष.

आता ३० आणि ३१ मधला फरक बघा. एक पोर कमी भरलं तर शाळेचे १५,००० रुपये कमी होतात. पट मोजला जातो तो यू-डायस नोंदीवरून. तिथं पोराचं नाव राहून गेलं, तर पोर वर्गात बसलेलं असूनही सरकारी हिशोबात ते नसतं. दिव्यांग म्हणून किंवा जातीच्या प्रवर्गाची नोंद चुकली, तर त्या पोराचा पुढचा लाभही अडतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात आपल्या पोराची शाळेतली नोंद एकदा डोळ्यानं बघून घ्यावी. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार, दिव्यांग असल्यास तशी नोंद.

पोराच्या नावानं येणारा लाभ

गणवेश: पहिली ते आठवीच्या सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना दोन गणवेश मिळतात. निकष पोरामागं वर्षाला ६०० रुपयांपर्यंत. राहिलेल्या मुलांना २०२३-२४ पासून राज्य सरकार आपल्या पैशातून गणवेश देतं. बूट आणि पायमोज्यांसाठी पोरामागं १७० रुपये धरलेत. २०२४-२५ ला कापड खरेदी आणि शिलाई राज्यपातळीवरून करून बघितली. बऱ्याच शाळांत अर्धं वर्ष गेलं तरी गणवेश आला नाही. त्यामुळं २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. म्हणजे कापड कसलं घ्यायचं, कोणाकडून शिवायचं हे आता गावातल्या पालकांच्या हातात आहे.

पुस्तकं: पहिली ते आठवीला फुकट. त्यासाठी कोणी पैसे मागू शकत नाही.

प्रवास भत्ता: नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तशी शाळा जवळ नसेल, तर वाहतुकीसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यासाठी शाळेनं त्या पोरांची यादी वर पाठवावी लागते. यादीत नाव नसेल तर पैसा येत नाही. पाडे, तांडे, शेतातल्या वस्त्या यांचं नुकसान बहुतेक इथंच होतं.

दिव्यांग मुलं: एका मुलामागं वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत निकष आहे. हा पैसा रोख हातात मिळत नाही. त्यातून तपासणी शिबिर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातली पुस्तकं, विशेष शिक्षकाची भेट अशी मदत मिळते. दिव्यांग मुलींना याशिवाय महिन्याला २०० रुपये, असे १० महिने प्रोत्साहन भत्ता आहे. ज्या पोराला घेऊन यायला माणूस लागतो, त्याच्यासाठी मदतनीस भत्त्याचीही सोय आहे. यासाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठावं.

स्थलांतरित कुटुंबं: ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांसाठी घर बाहेर पडणार असेल, तर पोराला गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडं ठेवून हंगामी वसतिगृहाचा लाभ घेता येतो. जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. पण यासाठी दिवाळीच्या आधी, मुकादमाची गाडी यायच्या आत शाळेत नाव द्यावं लागतं. पोर बरोबर न्यायचंच असेल, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत पोराला बसता येतं. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

ताटात काय यायला हवं?

पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम धान्य हा नियम. लहानांच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून रोजचा दर लहानांना ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यांना १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ त्यावेगळा येतो.

पावणेसात रुपयांत काय होतं, असं कोणी म्हणेल. खरंय, रक्कम थोडी आहे. म्हणूनच त्यातला एक रुपया जरी गळाला तरी ताटातली डाळ पातळ होते. ज्या घरात सकाळी चहा-बटरवर पोर शाळेत येतं, त्याचं दिवसातलं पहिलं धड जेवण हेच असतं. वाढण्याआधी जेवण चाखून बघायचा नियम आहे. समितीतल्या आयांनी आळीपाळीनं शाळेत जाऊन ते बघावं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शिष्यवृत्ती अडते कुठं?

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. ती साधारण डिसेंबरमध्ये होते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि पोर सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. दहावीनंतर पोरीला घरी बसवायचं का पुढं शिकवायचं, हा निर्णय कित्येक घरांत एवढ्या पैशावर फिरतो.

अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांना घरून शाळेत जात असतील तर वर्षाला ३,५०० आणि वसतिगृहात राहत असतील तर ७,००० रुपये शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वेगळी आहे. ती कोणत्या प्रवर्गाला आणि इयत्तेला लागू आहे, हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावं.

पैसा अडतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण कागदपत्रं. जातीचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधारवर नाव एक आणि शाळेत दुसरं. हे काम जून-जुलैमध्ये महा ई-सेवा केंद्रावर उरकून घ्यावं. शेवटच्या तारखेला सर्व्हर चालत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

दुसरं ठिकाण बँक खातं. थेट लाभाचा पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं असेल, त्या खात्यात तो जमा होतो. त्यामुळं कित्येक पालक एका बँकेचं पासबुक घेऊन फिरतात आणि पैसा दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो. बँकेत किंवा पोस्टात जाऊन 'आधार कोणत्या खात्याला जोडलंय' हे एकदा विचारून घ्यावं.

एका शाळेचा हिशोब करून बघू

समजा, पहिली ते पाचवीची एक शाळा आहे. पट ५८. त्यातली ३ पोरं लांबच्या वस्तीवरून येतात. निकषानुसार वर्षाचा हिशोब असा होतो:

संयुक्त शाळा अनुदान: २५,००० रुपये
खेळाचं साहित्य: ५,००० रुपये
गणवेश, ५८ पोरं, प्रत्येकी ६००: ३४,८०० रुपये
बूट-पायमोजे, प्रत्येकी १७०: ९,८६० रुपये
जेवणाचा खर्च, ६ रुपये ७८ पैसे दरानं २०० दिवस: ७८,६४८ रुपये
प्रवास भत्ता, ३ पोरं, प्रत्येकी ६,०००: १८,००० रुपये

बेरीज १ लाख ७१ हजार ३०८ रुपये. पुस्तकं, तांदूळ, शिष्यवृत्त्या आणि शिक्षकांचा पगार यात धरलेला नाही.

यातली सगळी रक्कम रोखीनं शाळेत येत नाही. जेवणाचं सामान पुरवठादाराकडून येऊ शकतं, भत्ता पोराच्या खात्यावर जातो. पण हिशोब मांडला की एक गोष्ट दिसते. गावात चर्चा होते ती २५,००० च्या अनुदानाची, रंग लावला का, गेट बसवलं का. आणि त्याच्या जवळजवळ सहापट रक्कम पोरांच्या अंगावर, ताटात आणि पायाखालच्या वाटेवर खर्च व्हायची असते. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

त्या २५,००० चंही तसंच. त्यातले २,५०० स्वच्छतेला गेले की २२,५०० उरतात. यातून भिंत रंगवता येते. यातूनच मुलींच्या शौचालयात पाणी आणता येतं, तोडलेली वीज पुन्हा जोडता येते, आणि तिसरीत जाऊनही ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं आणि अक्षरपट्ट्या घेता येतात. रंग लावणं चूक नाही. पण ज्या पोराच्या घरी पुस्तक नाही, शिकवणी नाही, त्याच्यासाठी काय केलं हा प्रश्न आधी यायला हवा.

ठरवायचा हक्क कोणाचा?

हा हक्क शाळा व्यवस्थापन समितीचा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं, ही दोन्ही कामं कायद्यानंच समितीला दिलीत.

कागदावर हे सगळं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बैठक सकाळी अकराला ठेवतात. त्या वेळी रोजंदारीवर जाणारी बाई खुरपायला गेलेली असते. तिनं बैठकीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग सही तेवढी घरी येऊन घेतात. ज्या घरांसाठी हा पैसा आहे, त्याच घरचं माणूस ठरावाच्या वेळी नसतं. यावर उपाय अवघड नाही. बैठक संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा, असा ठराव समितीच करू शकते. आणि वाचल्याशिवाय इतिवृत्तावर सही करू नये. वाचता येत नसेल तर पाचवीतल्या आपल्याच पोराकडून वाचून घ्यावं.

मुख्याध्यापकांची बाजूही समजून घ्यायला हवी. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी माहिती भरण्यात आणि बैठकांत अडकले, तर सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. अनुदान कित्येकदा मार्चच्या तोंडावर येतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च केलं नाही तर परत जातं. त्या घाईत जे दुकानात मिळेल ते घेतलं जातं. म्हणून समितीनं डिसेंबरमध्येच गरजांची यादी क्रमानं ठरवून ठेवली, तर पैसा येताच तो योग्य ठिकाणी लागतो आणि गुरुजींवर संशयही येत नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा विसरू नका

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं हे सगळं त्या उत्पन्नात येतं. दिव्यांग पोरासाठी साहित्य, मुलींसाठी सोय अशा गोष्टी यातून मागता येतात. मागणी लेखी द्यावी आणि ग्रामसभेत तिच्यावर चर्चा करून ठराव घ्यावा. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे या दिवसांच्या ग्रामसभा त्यासाठीच वापरायच्या.

बैठकीत विचारायचे सहा प्रश्न

१. यंदा कोणत्या कोणत्या नावानं किती पैसा मंजूर झाला? मंजुरीचं पत्र दाखवा.
२. खर्च किती झाला? रोकडवही आणि पावत्या दाखवा.
३. आणलेल्या वस्तू साठा नोंदवहीत चढवल्या का, आणि त्या आत्ता कुठं आहेत?
४. प्रवास भत्ता, दिव्यांग आणि हंगामी वसतिगृहाच्या यादीत कोणाची नावं आहेत? कोणाचं राहिलं?
५. गणवेश किती पोरांना मिळाला, किती बाकी?
६. वाचता-लिहिता न येणारी पोरं किती, आणि त्यांच्यासाठी यंदा काय करणार?

प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. पण उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.

उत्तर मिळालंच नाही तर?

आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी यांच्याकडं लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार अशा लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला कार्डाची झेरॉक्स जोडली तर फी लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक, आर्थिक वर्ष आणि 'मंजूर व खर्च अनुदानाचा तपशील, पावत्यांच्या प्रतींसह' एवढं लिहिलं तरी पुरतं. यू-डायस क्रमांक ११ आकड्यांचा असतो. तो शाळेच्या फलकावर किंवा पोराच्या प्रगतिपुस्तकावर सापडतो, नाहीतर गुरुजींना विचारावा.

दर आणि नियम शासन निर्णयानं बदलतात, म्हणून त्या वर्षीचं पत्र बघूनच बोलावं. पण शाळेच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारायला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. ती उद्या पोराला सोडायला गेल्यावरही विचारता येते.